कणखरपणा: पस्तीस

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की भितो, विमान जरा हललं की भितो, 'जरा बोलायचं होतं' एवढाच मेसेज साहेबाकडून आला तर दुपारचा डबा न उघडता घरी परत आणतो. असल्या भीतीची मला सवय आहे. पण गेल्या वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत मी ज्या भीतीत होतो तिची सवय काही होईना. ती एका हाताची भीती होती. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीच्या उजव्या हाताची. आणि चेंडू टाकणारा हात कसा जातो हे मला ज्या खेळामुळे कळलं, तो बेसबॉल मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही.

आम्ही टॅम्पिनीसला राहतो आणि माझं ऑफिस जुरोंग ईस्टला आहे. म्हणजे बेटाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकाच एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसून तासभर. बायकोला वाटतं मी हा प्रवास सोसतो. खरं म्हणजे दिवसातला तेवढाच तास माझा असतो. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते आणि तिथले सामने नुकते सुरू झालेले असतात. टॅम्पिनीसला फोन उघडायचा, जुरोंग ईस्टला बंद करायचा. शेजारी कोण बसलं, कोण उठलं, काही कळत नाही.

हे खूळ डोक्यात घातलं माझ्या इथल्या पहिल्या मॅनेजरने. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आलो तेव्हा तो अमेरिकन गृहस्थ आमच्या टीमचा प्रमुख होता. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याच्या एका स्क्रीनवर आमचा प्रोजेक्ट आणि दुसऱ्या स्क्रीनवर सामना असायचा. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉल आधी पोरकट वाटतो, तसा मलाही वाटला. रनअप नाही, टप्पा नाही, बॅट गोल. मी तोंड वाकडं करून बघायचो. मग एका वर्षी त्याने मला ड्राफ्ट दाखवला आणि मी कायमचा अडकलो.

ड्राफ्ट म्हणजे निवड. वर्षातून एकदा सगळे व्यावसायिक संघ ओळीने देशभरातले होतकरू खेळाडू निवडतात. आदल्या मोसमात जे तळाला राहिले त्यांची पाळी साधारण आधी येते. शाळेतली, कॉलेजातली शेकडो मुलं अशी उचलली जातात. त्यांतली बहुतेक वरच्या पातळीवर कधी पोहोचतच नाहीत. छोट्या गावांतल्या छोट्या संघांकडून, बसने हिंडत चार-पाच वर्षं खेळतात आणि एके दिवशी घरी परततात. पण निवडीच्या दिवशी त्यांतल्या प्रत्येकाबद्दल लिहिलेलं असतं. हात कसा, मनगट कसं, पाय किती चपळ, चूक झाल्यावर चेहरा कसा होतो, इथपर्यंत.

याचं मला इतकं का वाटावं? तर मी पुण्यात क्लब क्रिकेट खेळलो होतो. लेगस्पिन टाकायचो. सामन्याच्या आधी फळ्यावर अकरा नावांचा कागद लागायचा आणि त्यात माझं नाव कधीच नसायचं. का नसायचं, ते कुणी सांगायचं नाही. विचारलं तर "बघू पुढच्या वेळी." सहा वर्षं मी तो कागद वाचला. त्यामुळे जिथे प्रत्येक मुलाचं डावं-उजवं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून लिहून ठेवतं, असा खेळ बघून मला भरून आलं होतं. माझ्याबद्दल कुणी दोन ओळी वाईट लिहिल्या असत्या तरी मी त्या जपून ठेवल्या असत्या, असं मला तेव्हा वाटायचं.

मग मीही लिहायला लागलो. दोनशे पानी वही, निळं पेन. ज्या होतकरू मुलांवर माझा जीव जडायचा त्यांचं एकेक पान. तिथल्या पारखी लोकांची गुण द्यायची एक पद्धत आहे. वीसपासून ऐंशीपर्यंत, पाच-पाचच्या पायरीने. पन्नास म्हणजे वरच्या पातळीवरचा साधारण खेळाडू, ऐंशी म्हणजे पिढीत एखादा. मीही तसंच गुणदान करायचो. मत बदललं की जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली तारीख, दोन शब्दांत कारण आणि नवा आकडा. खाडाखोड करायची नाही. आपण काय चुकलो ते दिसलं पाहिजे, असा माझा बाणा.

या विषयावर माझी मतं भरपूर आहेत आणि ती ऐकायला कुणी नाही. होतकरू खेळाडू रसिकाला एवढा प्यारा का असतो? कारण तो अजून हरलेला नसतो. संघातल्या पस्तिशीच्या माणसाचं काय होणार ते आपल्याला दिसत असतं. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आपण वाटेल ते रंगवू शकतो. दुसरं मत असं की हल्लीच्या व्यावसायिक खेळाने वेगाचं वेड लावून घेतलं आहे. प्रत्येक चेंडू यंत्र मोजतं. म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलं जीव खाऊन चेंडू फेकतात, कोपरातला बंध तुटतो, डॉक्टर मनगटाजवळचा एक बंध काढून तो कोपरात बसवतात, आणि संघवाले अशा चिरलेल्या हातांनाही बिनदिक्कत निवडतात. समालोचक सांगतात, अमुकचं ऑपरेशन झालंय, आणि पुढच्या नावाकडे वळतात. मी दर वेळी आवाज बंद करायचो. पण बघणं काही मी सोडलं नाही.

वही मराठीत लिहायचो. गाडीत शेजारच्याला वाचता येऊ नये, हे एक कारण. घरात लेकीला वाचता येऊ नये, हे दुसरं. तिच्या बाबतीत मी निश्चिंत होतो. ती इथेच जन्मली. तिचं मराठी म्हणजे जेवणाचे पदार्थ, नातेवाइकांना करायचे नमस्कार आणि आईची बोलणी. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत, शेवटी इथला 'लाह' लावून उत्तर द्यायचं, असं आमचं घर चालतं. मराठीचं पुस्तक तिच्या हातात मी कधी पाहिलं नव्हतं. वही टीव्हीखालच्या खणात, कुलूपबिलूप काही नाही.

लेक शाळेत सॉफ्टबॉल खेळते. हा बेसबॉलचाच धाकटा भाऊ. फरक एवढा की चेंडू मोठा आणि तो टाकायचा हात खालून फिरवून. ती पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. हात कानामागून पूर्ण गोल फिरतो आणि मांडीजवळून चेंडू सुटतो. पहिल्यांदा तिला तसं टाकताना बघितलं तेव्हा मैदानाच्या कुंपणाला धरून मी वेड्यासारखा हसत होतो. सहा वर्षं फळ्यावरचा कागद वाचलेल्या माणसाच्या पोरीकडे चेंडू होता आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

गेल्या वर्षी ती सेकंडरीच्या शेवटच्या वर्गात होती. इथे खेळात चमक असली तर परीक्षेच्या आधीच ज्युनिअर कॉलेजात जागा पक्की होऊ शकते. त्याला सगळे डीएसए म्हणतात. त्यासाठी कॉलेज स्वतःची ट्रायल घेतं, प्रशिक्षक बसून बघतात, लिहून घेतात. घरात डीएसए हा शब्द निघाला की मला ड्राफ्टच दिसायचा. बायको अकाउंटंट आहे, डोकं ठिकाणावर असलेली बाई. ती म्हणाली, "तिला अभ्यासाने जाऊ दे ना कॉलेजात. तुझं ते बेसबॉल तिच्यावर काढू नकोस." मी म्हटलं, मी कशाला काढतोय? आणि त्याच आठवड्यात मी वहीत लेकीचं पान उघडलं.

जानेवारीतला सामना होता. जोरात मारलेला एक चेंडू तिच्या नडगीवर बसला. ती खाली बसली, तिचे डोळे भरून आले, तिने हात वर केला आणि बाहेर आली. बर्फ लावला, दुसऱ्या मुलीने सामना संपवला. यात वावगं काहीच नव्हतं. पण मी घरी येऊन लिहिलं. मनगट उत्तम. वेग पन्नास, वयाच्या मानाने. नियंत्रण पंचेचाळीस. कणखरपणा पस्तीस. पुढे, 'लागलं की लगेच सांगते. दुखणं चेहऱ्यावर दिसतं. वरच्या पातळीवर टिकणं कठीण.' आपल्याकडे पस्तीस म्हणजे निदान काठावर पास. त्या मापात पस्तीस म्हणजे नापासच. सोळा वर्षांच्या पोरीला मी व्यावसायिक पुरुषांच्या फूटपट्टीने मोजलं आणि वर स्वतःच्या निःपक्षपातीपणावर खूष होऊन झोपलो.

मार्चमध्ये मला ते पहिल्यांदा दिसलं. लेक बेसिनपाशी उभी होती आणि डाव्या हाताने दात घासत होती.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. मी वीस वर्षं हात बघत आलेलो माणूस. "उजव्याला काय झालं?" मी विचारलं. तोंडात फेस धरून ती म्हणाली, "नथिंग लाह, बाबा." मी स्वतःला समजावलं. खालून टाकताना हाताला काही होत नाही, असं सगळे म्हणतात. खांद्याला ती नैसर्गिक हालचाल आहे, असं मीच दहा जणांना सांगितलं होतं.

पण एकदा नजर तिकडे गेली की हटत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, ती ट्रे उचलायच्या वेळी बरोबर फोन काढायची आणि ट्रे मला घ्यावा लागायचा. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवायची. केस स्वतः बांधणारी मुलगी अचानक आईसमोर पाठ करून बसायला लागली. बायकोला त्याचं कौतुक वाटलं, "बघ, लेक जवळ यायला लागली परत." मी शेजारी बसून भीतीने गार पडत होतो. प्रत्येक गोष्ट मला वाचून माहीत होती. हात जायच्या आधी खेळाडू कसा वागतो, काय लपवतो, कुठे चिमटीत पकडून दाबतो. एका रविवारी मी न सांगता तिचा सराव बघायला गेलो आणि कुंपणाबाहेरच्या झाडाखाली उभा राहिलो. दर चेंडूनंतर ती पाठ फिरवायची आणि मनगट झटकायची. मग हसत पुढे वळायची. तिची प्रशिक्षिका तिला काहीतरी विचारताना दिसली. लेकीने अंगठा वर केला.

मी विचारलं नाही असं नाही. तीनदा विचारलं. तीनदा "नथिंग" आणि एकदा वर "आय ॲम फाइन, डोन्ट सो कांचिओंग लाह." कांचिओंग म्हणजे उगाच घायकुतीला आलेला. तो तर मी जन्मतःच आहे. पण चौथ्यांदा विचारलं नाही, आणि ते का नाही विचारलं हे इथे लिहिणं भाग आहे. ट्रायल जुलैत होती. चौथ्यांदा विचारलं आणि ती हो म्हणाली, तर ट्रायल गेली. मला ती ट्रायल हवी होती. तिच्यापेक्षा जास्त मला हवी होती. म्हणून मी एकीकडे घाबरत होतो आणि दुसरीकडे कानाडोळा करत होतो. आणि रोज सकाळी गाडीत बसलो की मी फोन उघडून दुसऱ्यांच्या मुलांचे हात बघायचो.

ट्रायल शुक्रवारी होती. त्याच आठवड्यातल्या सोमवारी, आपल्या सकाळी, अमेरिकेतला ड्राफ्ट सुरू झाला. मी टॅम्पिनीसला जागा पकडली आणि फोन उघडला. एक उंच पिचर पहिल्या पाचात जाणार असं सगळे म्हणत होते. माझ्या वहीत त्याला पूर्ण पान होतं. कॅमेरा त्याच्या घरी लावलेला. बैठकीत आईवडील, आजी, मित्र, मध्ये तो. पहिली पाच नावं झाली, दहा झाली, तो तसाच बसून. आई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. मग समालोचकाने सांगितलं की त्याच्या कोपराच्या तपासणीत काहीतरी निघालं आहे आणि संघ बिचकले आहेत. दुसरा समालोचक लगेच त्याची बाजू घेऊन म्हणाला, "पण मुलगा किती कणखर आहे बघा. अख्खा मोसम हात दुखत होता, एका शब्दाने कुणाला बोलला नाही."

त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं. मीही तेच कौतुकाने लिहिलं असतं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक झाल्याचं काहीच नव्हतं. तो उजवा कोपर डाव्या तळहातात धरून बसला होता आणि खोलीतलं कुणीच त्याच्याशी बोलत नव्हतं. गाडी पाया लेबारला थांबली होती, दारं बंद व्हायच्या बेतात होती. मी माणसांना ढकलून बाहेर पडलो, समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो आणि उलट्या दिशेची गाडी पकडली. ऑफिसला मेसेज केला की तब्येत बरी नाही, आणि ते खोटं नव्हतं.

घरी कुणी नव्हतं. लेक शाळेत, बायको कामावर. आज तिला डॉक्टरकडे न्यायचंच, असं मी वाटेत ठरवलं होतं. डॉक्टर विचारतील, कधीपासून? नडगीला लागलं तो सामना कधी होता, त्याआधी हाताचं कुठे काही दिसलं होतं का, हे बघायला मी खण उघडून वही काढली आणि तिचं पान उलगडलं.

कणखरपणापुढच्या पस्तीसवर एक आडवी रेघ होती. नीट, पट्टी लावून मारल्यासारखी. मी ती मारली नव्हती. खाली पेन्सिलीने पाच ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, मग तेच दोन शब्द, मग आकडा. 'नहीं बताया. ४०.' 'नहीं बताया. ४५.' 'नहीं बताया. ५०.' 'नहीं बताया. ५५.' प्रत्येक आकड्यावर पुन्हा रेघ, माझ्याच पद्धतीने. शेवटची तारीख गेल्या शुक्रवारची होती आणि तिच्यापुढचा साठ तेवढा रेघेविना राहिला होता.

मी जमिनीवर बसलो. इथल्या शाळेत मातृभाषेचा विषय सक्तीचा असतो आणि त्यात मराठी नसते. आम्हा मराठी लोकांची मुलं हिंदी घेतात. नऊ वर्षं दर शनिवारी मीच तिला हिंदीच्या वर्गाला सोडत होतो. मीच तिची शुद्धलेखनं तपासत होतो. लिपी एकच आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण ती मराठी बोलत नाही म्हणजे मराठी वाचणारही नाही, अशी माझी पक्की खात्री होती. पाचही ओळी मी पुन्हा वाचल्या. ज्या ज्या दिवशी हात दुखला आणि तिने सांगितलं नाही, त्या त्या दिवशी तिने स्वतःला पाच गुण वाढवून दिले होते.

बायकोला फोन लावला तेव्हा मला नीट बोलता येईना. मी वहीबद्दल सांगायला लागलो, मग दात घासण्याबद्दल, मग पुन्हा वहीबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, मग रडत काय बसलास? मी शाळेत जाऊन तिला घेते. तू क्लिनिकमध्ये जाऊन नंबर लाव." आणि फोन ठेवायच्या आधी, "तुझ्याशी मी नंतर बोलते." ते ती अजून बोललेली नाही, आणि त्याचीही मला भीती वाटते.

लेक क्लिनिकमध्ये आली ती युनिफॉर्ममध्ये, पाठीवर दप्तर, नाकाचा शेंडा लाल. माझ्या शेजारी न बसता एक खुर्ची सोडून बसली.

"बाबा, फ्रायडे इज द ट्रायल," ती म्हणाली. "फ्रायडे फर्स्ट, देन डॉक्टर. कॅन?"

"नाही, बाळा."

"व्हाय? आय कॅन टाहान वन." टाहान म्हणजे सोसणं. इथे पोरं सैन्यात जातात तिथून हा शब्द घेऊन येतात. तिच्या तोंडी तो ऐकून मला कसंतरी झालं.

"मी वही बघितली," मी म्हटलं.

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "यू रोट थर्टी-फाइव्ह."

"तुला वाचता येईल असं मला वाटलं नव्हतं."

"सेम स्क्रिप्ट लाह, बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, मला साधी गोष्ट समजावल्याचा कंटाळा होता. "सम वर्ड्स आय हॅड टू सर्च."

मी म्हटलं की मी चुकलो, ते पान मूर्खपणाचं होतं, मला माणसं मोजायची घाणेरडी सवय आहे, लागल्यावर सांगणं यात काहीच कमीपणा नाही. मी बरंच बोललो. ती "ओके" म्हणाली. मी आणखी बोललो. ती पुन्हा "ओके" म्हणाली. तिच्या आईने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि मला नजरेने गप्प केलं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगतो. दोन दिवसांनी एमआरआयमध्ये दिसलं की कोपराखालच्या हाडाला ताणाने केसाएवढा तडा गेला होता. आणखी थोडे दिवस टाकत राहिली असती तर हाड मोडलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. ट्रायल गेली. चार महिने चेंडूला हात लावायचा नाही असं ठरलं. हाड जुळलं, ती अभ्यासावर कॉलेजात गेली, आणि आता पुन्हा हळूहळू टाकते. लोकांना हे सांगितलं की लोक म्हणतात, चला, थोडक्यात निभावलं. मीही हो म्हणतो. पण माझ्या मनातून जाईनात ती त्या सोमवारची डॉक्टरांच्या खोलीतली पाच मिनिटं.

डॉक्टर माझ्याहून लहान, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी लेकीला टेबलावर बसवलं, तिचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "आय विल प्रेस स्लोली. टेल मी व्हेन इट हर्ट्स, ओके?" लेकीने मान हलवली. डॉक्टरांनी मनगटापासून सुरुवात केली आणि बोटांनी दाबत वर वर गेल्या. "हिअर?" "नो." "हिअर?" "नो." कोपराच्या खाली, हाडावर, त्यांचा अंगठा थांबला. लेकीचा खांदा आक्रसला. मान ताठ झाली. डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं.

"हिअर?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओके," लेक म्हणाली. "नॉट पेन."

ती हाताकडे बघत नव्हती. डॉक्टरांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती माझा चेहरा वाचत होती, मी पाहत आहे ना, मला कळतंय ना, की तिने सांगितलं नाही. बाहेर मी तिला एवढं बोललो होतो, त्यातलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. तिने पानावरचंच खरं धरलं होतं.

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. बोलून उपयोग नव्हता. मी जे काही म्हटलं असतं त्यालाही ती "ओके" म्हणाली असती. डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी अंगठा तसाच ठेवून माझ्याकडे वळून पाहिलं. मी उठलो, बायकोला म्हटलं तू थांब, आणि दार ओढून बाहेर आलो.

बाहेर एक म्हातारी चिनी बाई आणि तिचा नवरा बसले होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. आतून डॉक्टरांचा आवाज आला, परत तेच विचारत होत्या. मग माझी लेक ओरडली, मोठ्याने, लहानपणी ओरडायची तशी, आणि मग मराठीत म्हणाली, "आई गं, दुखतंय. तिथेच. खूप दुखतंय गं."

म्हाताऱ्या बाईने दचकून माझ्याकडे पाहिलं. माझीच मुलगी आहे, मी तिला सांगितलं.